उतरंडीतले शीत

'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण संख्याशास्त्राच्या वर्गात नमुना शिकवताना मी अनेकदा वापरली आहे. कळण्याच्या भाकरीवर वाढलेल्या आमच्या खानदेशी पोरांनाही ती पटते. परंतु तिची चिकित्सा व्हायला हवी. एका शितावरून भात कळतो, तो भांडे एक, पाणी एक आणि जाळ एक असतो म्हणून. आपली समाजव्यवस्था हे एक भांडे नाही; ती उतरंड आहे. वरच्या मडक्यातले शीत चाचपून तळाच्या मडक्याविषयी बोलता येत नाही.

लहान नमुना निरुपयोगी असतो असे मात्र नव्हे. डब्लिनच्या गिनेस मद्यकारखान्यातील गॉसेट याने १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने त्याचे गणित मांडले. सार असे की, निवड यदृच्छ हवी आणि नमुना जितका लहान, तितकी अंदाजाच्या दोन्ही बाजूंना जागा अधिक सोडायला हवी. ९५ टक्के भरवशासाठी मोठ्या नमुन्यात प्रमाणत्रुटीच्या १.९६ पट जागा पुरते. चारच नोंदी असतील तर ३.१८ पट लागते, दोनच असतील तर १२.७१ पट. आणि एकच नोंद असेल तर? मग फरक मोजायला दुसरे काही उरतच नाही. गणित तिथेच थांबते.

१९८० साली अहवाल देणाऱ्या मंडल आयोगाने आपल्या पाहणीसाठी जिल्ह्यामागे दोन गावे आणि शहरातला एक विभाग घेतला होता. तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात नंदुरबारही होते. ते १९९८ साली वेगळे झाले. सातपुड्यातले अक्राणी आणि पांझराकाठची शेती दोन गावांत कशी मावणार? आयोगाने निष्कर्ष काढले ते राज्याराज्यांची आकडेवारी एकत्र करून, हे खरे. तरीही नमुना तोकडा होता, हा आक्षेप मी मान्य करतो. पण त्यातून 'मोजणी वाढवा' हे निघते, 'आरक्षण नको' हे निघत नाही. १९३१ नंतर सर्व जातींची देशव्यापी आकडेवारी प्रसिद्धच झाली नाही. म्हणून तर आयोगाला ओबीसींच्या संख्येसाठी त्या जुन्या जनगणनेकडे जावे लागले.

गंमत पुढेच आहे. दोन गावे अपुरी म्हणणारेच एका माणसावर समाधानी असतात. माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिला. "सर, तुम्ही आलात ना वर? मग जात राहिली कुठे?" हे मी शिक्षकांच्या खोलीत ऐकले आहे. हा एकाचा नमुना. तोही खुर्चीवर पोचलेल्यांतून उचललेला. जे सातवीत गळाले, ते या खोलीत येणार कसे?

आपल्या समीक्षेतही हेच घडते. 'बलुतं' (१९७८) आणि 'उपरा' (१९८०) वाचून 'दलित जीवन असे असते' म्हणणारा समीक्षक साक्षीला सरासरी समजतो. साक्ष एकाची असली तरी खरी असते. मात्र ती सर्वांच्या वतीने दिलेली नसते. सातपुड्याच्या पायथ्याचे वाहरू सोनवणे यांची भिलाची कविता त्या दोन पुस्तकांत कुठून सापडेल?

२०२५ साली केंद्र सरकारने पुढील जनगणनेत जात नोंदवण्याचा निर्णय जाहीर केला. कार्यकर्त्यांनी व विद्यार्थ्यांनी ही मोजणी डोळ्यांत तेल घालून पाहावी. आणि कोणी एखादे शीत दाखवून आपल्याला गप्प करू लागला, तर एकच विचारावे: हे कोणत्या मडक्यातले?