उगम, धबधबा आणि मधली नदी

नरकचतुर्दशीच्या पहाटे, उटणे लागलेल्या अंगावर पहिला तांब्या घेताना आमच्या घरी सात नद्यांची नावे उच्चारण्याचा रिवाज आहे; तो वाचकांपैकी पुष्कळांच्या घरीही असेल. गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू आणि कावेरी. या सातांत कृष्णा नाही. लहानपणी मी ही तक्रार आजीकडे नेली, तेव्हा ती म्हणाली, "अरे, कृष्णेचं नाव नाही तिथं आपल्या हिरण्यकेशीचं कुठलं? पण तांब्यात आहे ती हीच." आणि तिने दुसरा तांब्या डोक्यावर रिकामा केला. नद्यांवरील आपल्या वाङ्मयासंबंधी याहून नेमकी टीका मी पुढे कोठे वाचली नाही. नाव एकीचे आणि पाणी दुसरीचे, हा प्रकार त्या श्लोकापुरताच नाही.

गडहिंग्लज हिरण्यकेशीच्या काठी आहे. ही नदी आंबोलीजवळ एका गुहेतून निघते, आजऱ्याजवळ रामतीर्थाला खडकांवरून उड्या घेते, गडहिंग्लजवरून संकेश्वराकडे जाते आणि पुढे घटप्रभेला मिळते. घटप्रभेचा जन्म चंदगडच्या डोंगरातला. नेसरीच्या बाजूने ती जाते, हिडकलच्या धरणात अडते, गोकाकला कड्यावरून कोसळते आणि शेवटी कृष्णेत जाते. एवढ्या टापूत झरे आहेत, धबधबे आहेत, धरणे आहेत, यात्रा आहेत. लेखकांना आणखी काय हवे? आणि लिहिलेले नाही असेही नाही. माझी तक्रार निराळी आहे. या नद्यांवरील मराठी मजकूर मी गेली काही वर्षे जमेल तसा गोळा करून वाचत आलो, आणि त्यात मला नदीचे डोके सापडले, पाय सापडले. पोट कोठेच सापडले नाही.

प्रथम माहात्म्ये घेऊ. माहात्म्यकाराला नदीचा उगम आणि संगम एवढीच दोन ठिकाणे ठाऊक असतात. मधल्या भागात तो एखादे तीर्थ सोडता उतरत नाही. हिरण्यकेशीच्या बाबतीत आंबोलीची गुहा आणि तेथली पार्वती एवढ्यावर कथा पुरी होते. नावाचा अर्थ सोन्याच्या केसांची. (याच नावाचे कृष्णयजुर्वेदी सूत्र आहे, आणि कोकणात हिरण्यकेशी म्हणवणारी घराणी आहेत. त्यांचा नदीशी काही संबंध असेल असे समजून मी तरुणपणी बराच वेळ वाया घालवला.) माहात्म्यकाराला दोष देण्यात अर्थ नाही. तो पुण्य मोजत होता आणि पुण्य उगमाशीच जास्त मिळते.

दुसरा वर्ग गॅझेटियरांचा. कॅम्बेलसाहेबाच्या संपादनाखाली बेळगावचा खंड १८८४ मध्ये आणि कोल्हापूरचा १८८६ मध्ये निघाला. हे ग्रंथ रुक्ष आहेत, राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी लिहिलेले आहेत, हे सारे कबूल. तरीही मी त्यांना माहात्म्यांपेक्षा वरची जागा देतो. नदी कोठे ओलांडता येते, काठाला काय पिकते, बाजार कोठे भरतो, या गोष्टी पुस्तकात लिहिण्याजोग्या आहेत असे या साहेबांना वाटले. सैन्य आणि सारा पार न्यायचा असला की मधली नदी दिसू लागते! भक्ताला जे दिसले नाही ते कारकुनाला दिसले, आणि ते मराठीत आणण्याची तसदी मात्र आपण फारशी घेतली नाही.

पण गॅझेटियरांचेही पुढे एक विचित्र झाले. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि त्याचा चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. १९६० मध्ये कोल्हापूरचा नवा खंड छापला गेला तो या नव्या सीमेच्या आत राहून. म्हणजे घटप्रभेचे बाळपण एका राज्याच्या पुस्तकात आणि गोकाकचा तिचा पराक्रम दुसऱ्या राज्याच्या पुस्तकात. हिरण्यकेशीही संकेश्वराच्या अलीकडे शाईत बुडून नाहीशी होते. सीमेचा प्रश्न आपल्याकडे किती जिव्हाळ्याचा आहे हे मला ठाऊक आहे, आणि मी काही त्याबद्दल उदासीन नाही. पण भाषेच्या अभिमानाने आपण नदीचा अर्धा भाग वाचायचेच सोडले, हे म्हटल्यावाचून राहवत नाही. गंमत अशी की, १९६९ मध्ये नेमलेल्या कृष्णा पाणीवाटप लवादापुढे जेव्हा राज्ये भांडायला उभी राहिली, तेव्हा घटप्रभेचे खोरे उगमापासून संगमापर्यंत एकच म्हणून धरले गेले. साहित्यिकांनी तोडलेली नदी वकिलांनी सांधली.

आता ज्यांच्याबद्दल मला खरे बोलायचे आहे त्यांच्याकडे वळतो. मराठीत नद्यांवर प्रेमाने लिहिणारा लेखक म्हटला की काका कालेलकरांचे नाव पहिले येते, आणि ते योग्यच आहे. 'लोकमाता' मी शाळकरी वयापासून किती वेळा वाचली याची गणती नाही. हे पुस्तक आमच्या परक्या मुलखातलेही नाही; कालेलकरांचे बेळगुंदी गाव बेळगावच्या बाजूचे, आणि तेथली मार्कंडी पुढे आमच्याच घटप्रभेला मिळणारी. मार्कंडीवर लिहिताना त्यांनी तिला माता म्हटले नाही, सखी म्हटले. मला हा सगळ्या पुस्तकातला धीटपणाचा क्षण वाटतो. मातेची पूजा होते, तिचे दर्शन घेतात. सखीबरोबर मात्र रोज राहावे लागते. तिचे रुसणे, आटणे, गढूळ होणे हे सारे सखीच्या नात्यात येऊ शकते. मार्कंडीपाशी कालेलकर मधल्या नदीच्या उंबऱ्यापर्यंत आले होते.

आणि तेथूनच ते परत फिरले, असे माझे मत आहे. मोठ्या नद्यांवर लिहिताना त्यांची लेखणी पुन्हा दर्शनाला निघते. गिरसप्प्याचा धबधबा त्यांनी पाहिला, पुन्हा पाहिला आणि दोन्ही वेळा लिहिले; त्या लेखांतले भान भारावलेल्या यात्रिकाचे आहे. ते भारावणे खोटे नाही. परंतु आपल्या पिढ्यांनी कालेलकरांकडून सखी उचलली नाही, यात्रिक उचलला, आणि यात्रिकाचा पाहता पाहता प्रवासी झाला. आज कोणतेही सहलीचे मराठी पुस्तक उघडा: धबधब्याचे तीन परिच्छेद, उगमाचा एक, आणि मध्ये 'येथून अमुक किलोमीटर'. त्या किलोमीटरांत माणसे राहतात.

प्रवासाची ही तऱ्हा आमच्याकडे कशी आली तेही पाहण्यासारखे आहे. वेंगुर्ल्याचे बंदर आणि बेळगावची छावणी यांना जोडणारा रस्ता पारपोलीच्या घाटाने चढला आणि त्या वाटेवर आंबोली आली. सावंतवाडीच्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी तिला थंड हवेचे ठिकाण बनवले. गोकाकला १८८७ मध्ये धबधब्याच्या बळावर कापसाची गिरणी सुरू झाली, रेल्वे आली, आणि गाडीतून उतरून सुमारे १७० फुटांचा तो कडा पाहायला लोक येऊ लागले. म्हणजे पहिला प्रवासी छावणीतला साहेब आणि दुसरा रेल्वेचा उतारू. दोघांनाही टोके पाहायची घाई होती. गडहिंग्लज त्यांच्या वाटेत बैल सोडण्यापुरते. त्यांची घाई आपण वारशाने घेतली, त्यांची हातातली वही मात्र घेतली नाही.

एक अपवाद आहे, आणि तो कवितेचा आहे. नेसरीच्या खिंडीत २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव गुजर आपल्या सहा साथीदारांसह बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले. कुसुमाग्रजांनी त्या सातांवर कविता लिहिली, तिचे गाणे झाले, आणि आज महाराष्ट्रातून माणसे ती खिंड शोधत येतात. त्या कवितेत एक ओढा येतो. त्याला नाव नाही, तो रक्ताच्या रंगापुरताच येतो. आणि तरीसुद्धा आमच्या तालुक्यातले सर्वांत प्रसिद्ध पाणी आज तेच आहे! शेजारून बारा महिने वाहणाऱ्या घटप्रभेला हे भाग्य लाभले नाही. कवीचा यात दोष काय? त्याला वीर हवे होते आणि त्यांच्यासाठी एक ओढा पुरला. उलट मला असे वाटते की, दोन ओळींत येऊन गेलेला एक ओढा जर इतकी माणसे खेचून आणतो, तर एखाद्याने नदीवरच नीट लिहिले असते तर काय झाले असते.

कादंबरीकारांनी ते करायला हवे होते. रणजित देसाईंचे कोवाड ताम्रपर्णीच्या काठी. 'बारी'त त्यांनी याच सरहद्दीवरचे जंगल आणि बेरड लोक उभे केले, आणि मग १९६२ च्या 'स्वामी'ने त्यांना पेशव्यांच्या पुण्यास नेले ते नेलेच. राजन गवस तर गडहिंग्लज तालुक्यातल्या अत्याळचे. त्यांच्या 'चौंडकं', 'तणकट' या कादंबऱ्यांनी इथली माणसे आणि इथली बोली मराठीत ठामपणे आणली. नदी त्यांचा विषय नव्हता आणि तसा तो असायला हवा होता असेही मी म्हणणार नाही. बायकांच्या ओव्यांत मात्र मधली नदी आहे. धुण्याचा घाट, पैलतीरचे माहेर, पुरामुळे अडकलेला भाऊ. डॉ. सरोजिनी बाबरांसारख्यांनी हे धन गोळा केले नसते तर आपल्याजवळ तेवढेही नसते.

हे सगळे मी तिऱ्हाइताच्या तोऱ्यात लिहितो आहे असे वाटू नये. मीही एकदा रामतीर्थावर लेख लिहिला होता. तुषार, इंद्रधनुष्य, श्रीरामाचे वास्तव्य, सगळे यथास्थित. तो छापून आल्यावर काही दिवसांनी निलजीच्या बंधाऱ्यावर एक वयस्क शेतकरी भेटले. त्यांनी लेख वाचला होता. म्हणाले, "सर, पाणी पडतंय तिथलं तुम्ही झ्याक लिव्हता बगा. आडवतंय तिथलं कुणी लिव्हायचं?"

मी त्या दिवशी प्रथम बंधारा नीट पाहिला. त्याला 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' म्हणतात. राज्यभर पसरलेली ही वस्तू आमच्या जिल्ह्याचे नाव घेऊन फिरते, आणि तिच्यावर ललित मराठीत चार पाने नाहीत. नदीच्या पात्रात ठेंगणे दगडी खांब, खांबांना खाचा. पावसाळा सरला की त्या खाचांत बरगे बसवायचे, दोन ओळींत, आणि मधल्या फटीत माती ठासायची. मागे पाणी तुंबते, त्यावर ऊस आणि मिरची तगते. उन्हाळ्यात चित्रीच्या धरणातून सोडलेले पाणी असेच एका बंधाऱ्यामागून दुसऱ्याकडे येते. मृगापूर्वी बरगे काढायचे, म्हणजे पूर वरून निघून जातो. बरगे घालण्याचा हंगाम नेमका दिवाळीच्या आसपासचा. घालून झाल्यावर अवकाळी पाऊस आला तर रात्री कंदील-बॅटऱ्या घेऊन ते उपसावे लागतात, आणि खालच्या गावाने आणि वरच्या गावाने कोणी आधी काढायचे यावर जी भाषा होते ती कोणत्याही माहात्म्यात सापडणार नाही. राधानगरीच्या धरणाला शाहूमहाराज लाभले. १९०८च्या सुमारास सुरू होऊन १९५७ मध्ये पुरे झालेल्या त्या कामाला चरित्रकारही लाभले. बंधाऱ्याला राजा नाही. त्याला पाटकरी आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये जिल्ह्यातल्या नद्यांनी आपली पायरी सोडली. कोवाडची बाजारपेठ पाण्यात गेली, आमचा भडगावचा पूल दिसेनासा झाला. ऐनापूर, निलजी, नांगनूर ही नावे तेव्हा वर्तमानपत्रांत आली, 'बंधारे पाण्याखाली' या मथळ्याखाली. त्या रात्री मी लिहायला बसलो आणि मला शब्द सापडेनात. धबधब्यासाठी माझ्याजवळ पंचवीस विशेषणे होती. चढत्या, गप्प, मातकट पाण्यासाठी एकही नव्हते. 'रौद्र' लिहिले आणि खोडले, कारण ते पाणी रौद्र नव्हतेच. ते हळूहळू पायऱ्या चढत होते. हा माझ्या एकट्याचा दुबळेपणा असता तर मी हा लेख लिहिला नसता. ज्या भाषेने मधली नदी कधी लिहिलीच नाही तिच्यात पुराचे शब्द ऐनवेळी कोठून येणार?

उगमाचे भाग्य मात्र अजून चढतेच आहे. २०२० मध्ये आंबोलीच्या त्या कुंडातून माशाची एक नवी जात अभ्यासकांनी नोंदवली, तिला नदीचेच नाव दिले, आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झाली. मला याचा आनंद आहे. बोटाएवढ्या माशाने जे केले ते माहात्म्यांना जमले नव्हते. पण तो मासा पाहून आलेले पर्यटक गडहिंग्लजात उतरून मला विचारतात, 'येथे पाहण्यासारखे काय आहे?' मी त्यांना सामानगड सांगतो, तिथली सात कमानींची विहीर सांगतो. नदी सांगत नाही. कारण सांगायला लागलो तर ती आजऱ्यापासून सांगावी लागेल आणि संकेश्वराच्या पुढे कानडीत सांगावी लागेल.

असे पुस्तक ज्याच्या हातून होईल त्याला दोन्ही भाषा याव्या लागतील. आमच्या बाजारात मिरचीचा सौदा करणाऱ्या निम्म्या माणसांना त्या येतात. निलजीच्या त्या गृहस्थांनाही येत होत्या. गेल्या दिवाळीत त्यांना भेटायला गेलो तेव्हा ते पाण्यात मांडीएवढे उभे होते आणि वरून कोणीतरी एकेक बरगा देत होते. मी वही काढली. ते म्हणाले, "आदी ह्यो एक धरा, मग लिव्हा." तो भिजलेल्या लाकडाचा बरगा इतका जड असेल असे मला वाटले नव्हते.