'यांच्या शुभहस्ते': कबड्डीच्या बातमीत सामना कुठे आहे?

मंडळी, विषय आम्हाला 'क्रीडा पत्रकारितेतील करिअर' असा दिलेला आहे. महाड-पोलादपूरच्या मुलांसमोर हा विषय निघाला की बोलणारा सहसा वानखेडेचा प्रेस बॉक्स, परदेश दौरे आणि खेळाडूंबरोबरचे फोटो यांवर बोलतो. आम्ही त्या वाटेला जात नाही. आपल्याकडच्या कबड्डी स्पर्धेची बातमी घेऊ, नेहमी छापून येते तशी, आणि तिला जरा तपासून बघू. करिअरचा प्रश्न तिच्यातूनच निघेल.

ही बातमी तुम्ही शेकडो वेळा वाचलेली आहे. भात झोडून झाले, शेते मोकळी झाली, की गावोगाव मंडळांच्या स्पर्धा लागतात. मुंबईकर चाकरमानी वर्गणी पाठवतात, रात्री दिव्यांच्या उजेडात सामने चालतात, आणि दोन-तीन दिवसांनी बातमी येते. पहिल्याच वाक्यात 'यांच्या शुभहस्ते'. मग श्रीफळ. मग व्यासपीठावरची नावे, पदांसकट, आणि तो क्रम चुकलेला चालत नाही बरं का. मग रोख बक्षीस किती, चषक कोणी दिला. सगळ्यात शेवटी, जागा उरलीच तर, विजेता, उपविजेता, उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड. गुण बऱ्याचदा नसतातच. 'अत्यंत चुरशीच्या सामन्यात' एवढ्यावर भागते.

पाहुण्यांची नावे छापू नका, असे आम्ही म्हणत नाही. छापा. स्पर्धेला पैसा लागतो आणि तो कोणीतरी दिलेला असतो. पण चुरस म्हणजे काय झाले, ते तरी सांगाल की नाही? मध्यंतराला गुण किती होते? लोण कितव्या मिनिटाला चढला? कोर्टात तीनच गडी उरले असताना कोणी पकड केली का? त्या पकडीला दोन गुण मिळतात आणि सामना बहुधा तिथेच फिरतो. ज्याला उत्कृष्ट चढाईचे बक्षीस मिळाले, त्याने गुण बोनसवर घेतले की गडी मारून? समोर किमान सहा गडी असतील तरच बोनस मिळतो. मग बोनसवर जगणारा पोरगा समोर चारच गडी उरल्यावर काय करतो? हे सगळे बांधावर बसलेल्या आजोबांना दिसते आणि घरी जाताना ते त्यावरच भांडत असतात. बातमीत त्यातले काही येत नाही.

याला वार्ताहराचा आळस म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्याचा हिशोब बघा. तालुक्याच्या वार्ताहराला बहुतेक ठिकाणी पगार नसतो. मानधन नावापुरते, आणि घर चालते ते जाहिरातीच्या कमिशनवर. व्यासपीठावर जे बसलेले असतात तेच दिवाळीला आणि वाढदिवसाला जाहिरात देतात. म्हणून आम्ही या बातमीला पावती म्हणतो. पावती म्हणून ती उत्तम लिहिलेली असते. एकही नाव गळत नाही. म्हणजे लिहिणाऱ्याला अचूक लिहिता येते, हे सिद्धच झाले. ती अचूकता कोर्टापर्यंत पोहोचत नाही, एवढेच.

करिअरच्या भाषणात दोन नावे हमखास येतात. द्वारकानाथ संझगिरी आणि वि. वि. करमरकर. संझगिरींनी मराठी माणसाला क्रिकेट गप्पांच्या सुरात वाचायला शिकवले, यात वादच नाही. पण ते मुंबई महापालिकेत अभियंता होते, ही गोष्ट भाषणात हळूच गाळली जाते. दर महिन्याचा पगार दुसरीकडून येत असताना केलेले लेखन आणि लेखनावर चालवलेले घर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाडच्या मुलाला संझगिरी दाखवायचे, तर ती नोकरीही दाखवा.

करमरकरांचे उदाहरण जास्त कामाचे. 'महाराष्ट्र टाइम्स' 1962 साली निघाला, आणि पुढे त्यांनी तिथे खेळाचे पान उभे केले. कबड्डी, खो-खो, कुस्ती यांना त्यांनी क्रिकेटच्या शेजारी बसवले आणि सामन्याबरोबर संघटनांचा कारभारही तपासला. 2023 च्या मार्चमध्ये ते गेले तेव्हा सगळ्यांनी श्रद्धांजली वाहिली. त्यांनी जे सुरू केले त्यातले किती टिकले, हे बघायचे असेल तर आजचे क्रीडा पान उघडा. आयपीएलच्या दोन महिन्यांत देशी खेळ शोधावे लागतात. 2014 साली प्रो कबड्डी आली, आणि पानावर कबड्डी परत आली ती लिलावाच्या आकड्यांसह आली.

एवढा त्रागा कशासाठी, असे कोणी म्हणेल. हे बघा, राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. पोलादपूरच्या वाडीवरच्या मुलीला कबड्डी खेळून पोलीस भरतीत उतरायचे असेल, तर तिचा मार्ग जिल्हा, राज्य, प्रमाणपत्र, पडताळणी असा जातो. याच दारातून बोगस प्रमाणपत्रेही शिरली. ट्रॅम्पोलिनची प्रकरणे गाजली ती आठवत असतील. निवड चाचणी खरोखर झाली का, संघात कोण होते, कोण आयत्या वेळी घुसले, हे त्या दिवशी लिहून ठेवणारा माणूस लागतो. जिल्ह्याचे ठिकाण अलिबाग. पोलादपूर तिथून शंभरावर किलोमीटर, आणि महामार्गाची दशा काय सांगावी. तिथे चाचणीला जाऊन कोण बसणार?

आणि आपल्याकडच्या नोंदी कागदाच्या. 22 जुलै 2021 च्या पुरात महाडकरांच्या कपाटांतले काय राहिले आणि काय गेले, हे आम्ही तुम्हाला काय सांगायचे.

पाळवणकर बाळूंचे उदाहरण घ्या. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात या दलित गोलंदाजाने 114 बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कप्तानपद त्याला कधी मिळाले नाही. रामचंद्र गुहांनी 2002 च्या पुस्तकात ही कहाणी विस्ताराने मांडली. पण मांडता आली, कारण नव्वद वर्षांपूर्वी कोणीतरी बळी मोजून ठेवले होते. आकडाच नसता, तर 'चांगला गोलंदाज होता म्हणे' यापुढे अन्यायही सिद्ध झाला नसता.

आज टेनिस क्रिकेटला ही सोय थोडीफार आहे. गावची स्पर्धा यूट्यूबवर थेट दिसते, धावफलक मोबाइल अ‍ॅपवर राहतो, समालोचन करणारी मुले रात्रीचे पैसे घेतात. 2024 मध्ये ठाण्यात टेनिस चेंडूची आयएसपीएल झाली तेव्हा ही पोरे एकदम दूरदर्शनच्या पडद्यावर दिसली. समालोचकांची आरडाओरड आम्हाला झेपत नाही, पण खेळाच्या बोलण्यावर इथल्या इथे पैसे मिळतात, हे त्यांनी दाखवून दिले. अभ्यासक्रम मुंबई-पुण्यात आहेत, जमला तर करा. त्याने शुद्धलेखन आणि ओळखी सुधारतात.

कबड्डीला मात्र अजून वहीच लागते. डिसेंबरात स्पर्धा सुरू होतील. व्यासपीठाजवळची खुर्ची सोडा आणि गुणलेखकाच्या टेबलाशी बसा. अंतिम सामना संपला की गुणपत्रिकेचा फोटो मागून घ्या. सहसा कोणी नाही म्हणत नाही. दोन्ही संघांची सगळी नावे पूर्ण लिहा, आडनावासकट, गावासकट. बातमी पाठवताना पाहुणे खाली घ्या. संपादक ते परत वर नेईल, नेऊ द्या. गुण तेवढे काढू देऊ नका.