पॉटरचा वळू

हॉलंडमधील हेग शहरात माउरित्सहाउस नावाचे संग्रहालय आहे. तेथील पाउलस पॉटर या चित्रकाराचे ‘वळू’ हे तैलचित्र १६४७ सालचे. तेव्हा पॉटर जेमतेम एकवीस-बावीस वर्षांचा होता. चित्र सुमारे २३५ सेंटिमीटर उंच आणि ३३९ सेंटिमीटर रुंद आहे. त्यामुळे वळू जवळजवळ खऱ्या आकाराचा दिसतो. एवढे मोठे चित्र त्या काळी सहसा राजे, युद्धे किंवा धर्मकथा यांचे काढत. पॉटरने तो मान कुरणातल्या जनावराला दिला आणि त्याच्या मालकाला झाडामागे उभे केले.

चित्रातील निरीक्षण थक्क करणारे आहे. वळूच्या पाठीभोवती माश्या घोंघावत आहेत. बसलेल्या गाईचे नाक ओलसर आहे. खाली बेडूक, वर आकाशात चंडोल आणि दूर क्षितिजावर रिजस्विक गावच्या चर्चचा मनोरा दिसतो.

हेच चित्र बुलढाणा जिल्ह्यातील देऊळघाटच्या एखाद्या शेतकऱ्यासमोर ठेवले तर? तो पहिल्यांदा विचारील, ‘याला वशिंड कसे नाही?’ ही पॉटरची चूक नव्हे. युरोपातील आणि आपल्याकडील गुरांचे वंश वेगळे आहेत. माणसाने ते वेगवेगळ्या प्रदेशांत माणसाळवले. पण जनावर पारखणारी नजर तेवढ्यावर थांबणार नाही. या वळूचे सगळे अवयव एका वयाचे नाहीत. पॉटरने निरनिराळ्या वयांच्या जनावरांचा अभ्यास करून त्यांतून हा एक वळू जुळवला, असे जाणकार सांगतात. कॅनव्हासही असाच वाढला. आधी एकट्या वळूचेच चित्र योजले होते. मागाहून पट्ट्या जोडून बाकीच्यांसाठी जागा केली गेली.

म्हणजे प्रत्येक भाग खरा, पण असा वळू कोणत्याच कुरणात चरला नाही. कलाकृती म्हणून यामुळे तिचे मोल कमी होत नाही. प्राणिशास्त्राचा पुरावा म्हणून मात्र ती जपूनच वापरायला हवी.

शिक्षकांच्या दृष्टीने मुद्दा येथेच आहे. पाठ्यपुस्तकातील बेडकाची किंवा फुलाची आकृतीही अनेक नमुन्यांवरूनच तयार होते. ती उपयोगी असते, कारण समान गोष्टी ती एकत्र दाखवते. परंतु ती अनेकांवरून जुळवलेली आहे हे मुलांना सांगितले नाही, तर हातातले फूल आकृतीशी जुळत नाही म्हणून मूल फुलालाच चूक ठरवते. विज्ञानशिक्षणाची याहून मोठी हानी कोणती?

पोळ्याच्या दिवशी गावात बैल एकत्र येतात. मुलांना वही घेऊन तेथे न्यावे. शिंगांची ठेवण, वशिंड, गळ्याखालची पोळी यांची प्रत्येक बैलागणिक नोंद करावी. दातांवरून वय कसे ओळखतात हे मालकालाच विचारावे. बैलांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खालच्या आठांपैकी पक्के किती आले यावरून दोनदाती, चारदाती असे ठरते. मग वर्गात सर्वांनी मिळून एक ‘सरासरी बैल’ काढावा आणि खाली लिहावे: हा बैल इतक्या बैलांवरून काढला आहे.

पॉटरच्या चित्राखाली अशी ओळ नाही. चित्रकाराला ती सूट आहे, आपल्याला नाही.