‘हुबेहूब’ : छायाचित्रावरून केलेल्या तैलचित्राची कसोटी

छायाचित्रावरून रंगविलेल्या तैलचित्राची स्तुती मराठीत बहुधा एकाच विशेषणाने केली जाते : हुबेहूब. ‘हू-ब-हू’ या फारसी प्रयोगापासून आलेला हा शब्द ‘तोच तो’ एवढेच सांगतो. परंतु ‘तो’ म्हणजे व्यक्ती की तिचे छायाचित्र, याचा निर्णय तो करीत नाही.

गोपाळ देऊस्करांनी रंगविलेल्या लोकमान्य टिळकांच्या तैलचित्राचे संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात २८ जुलै १९५६ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते अनावरण झाले. देऊस्करांचा जन्म १९११चा; टिळक १९२०मध्ये निवर्तले. म्हणजे या चित्रासाठी टिळक चित्रकारासमोर बसलेले असणे शक्य नाही. अशा चित्राचा मुख्य आधार छायाचित्रांचाच असणार. आणि पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांनीही टिळक छायाचित्रांतच पाहिलेले. साहजिकच साम्याची तुलना व्यक्तीशी न होता छायाचित्राशी होते.

ही साक्ष कितपत पुरेशी आहे? टिळकांच्या काळी छायाचित्रणात प्रचलित असलेल्या बहुतेक काचा तांबड्या प्रकाशास जवळजवळ अंध असत. त्यामुळे तांबडी पगडी छायाचित्रात काळसर उमटे व गव्हाळ चेहरा प्रत्यक्षाहून सावळा दिसे. बंगालीतील सर्वनामात वा क्रियापदात लिंगभेद नाही. मराठी अनुवादकाला मात्र ‘तो आला’ की ‘ती आली’ हे ठरवावेच लागते. त्याचप्रमाणे प्रत्येक करड्या छटेचा वर्ण चित्रकाराला ठरवावा लागतो. त्यासाठी समकालीनांच्या आठवणी, परिचित वस्त्रे व जिवंत चेहऱ्यांचा अभ्यास हेच त्याचे साहाय्य. हे सारे कर्तृत्व ‘हुबेहूब’ या शब्दाखाली झाकले जाते.

हा प्रश्न थोर पुरुषांच्या चित्रांपुरता मर्यादित नाही. भंडारा जिल्ह्यातील दिघोरीसारख्या गावी एखाद्या कुटुंबाने दिवंगत वडिलांच्या एकुलत्या एका फोटोवरून तसबीर करवून घेतली, तरी तो उपस्थित होतो. तेथे निदान साक्षीदार हयात असतात. ‘बाबा एवढे गोरे नव्हते’ असे म्हणणारी मुलगी छायाचित्रापलीकडचे प्रमाण पुढे करते. ती पिढी सरली की तसबीर हेच प्रमाण होऊन बसते आणि चित्रकाराचा अंदाज वस्तुस्थिती म्हणून स्वीकारला जातो.

‘तसबीर’ या मूळ अरबी शब्दाचा अर्थ ‘रूप देणे’ असा आहे. तो अर्थ ध्यानी घेऊन, छायाचित्राने काय पुरविले आणि चित्रकाराने काय ठरविले, यांची वेगवेगळी नोंद समीक्षकाने प्रथम करावी. साम्याविषयीचा अभिप्राय त्यानंतरच द्यावा.