हिमांतील रेषा

हिमप्रदेशांत उघड्यावर बसून काढलेल्या चित्रांविषयीं बोलणें निघालें कीं आपल्या सुशिक्षित रसिकांचें लक्ष चित्रावरून उडून चित्रकाराच्या गोठलेल्या बोटांकडे जातें, असा आमचा अनुभव आहे. मध्यंतरीं एका स्नेह्यांच्या घरीं डॉ. एडवर्ड विल्सन याच्या दक्षिण ध्रुवप्रदेशांतील चित्रांचें पुस्तक आम्ही सर्वांनीं मिळून पाहिलें. पानोपानीं “काय ही थंडी!”, “केवढें हें धैर्य!” असे उद्गार निघत होते, चित्र चांगलें कीं वाईट हा प्रश्न मात्र कोणासच सुचला नाहीं. जो मनुष्य १९१२ च्या मार्चअखेरीस कॅप्टन स्कॉटच्या शेजारीं तंबूंत मरण पावला, त्याच्या रेषेची चिकित्सा करणें कित्येकांस कृतघ्नपणाचेंहि वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. मरणानें मनुष्य वंद्य होईल; तेवढ्यानें त्याचें चित्र वंद्य होत नाहीं.

विल्सनचा जन्म १८७२ चा, इंग्लंडांतील चेल्टनहॅम गांवचा. शिक्षण केंब्रिजचें, व्यवसाय वैद्याचा, आवड पशुपक्ष्यांची. स्कॉटच्या १९०१-०४ च्या पहिल्या सफरींत तो वैद्य, प्राणिशास्त्रज्ञ व चित्रकार अशा तिहेरी नात्यानें गेला. १९१० मध्यें निघालेल्या दुसऱ्या सफरींत सर्व शास्त्रीय कामाचा तो प्रमुख होता. चित्रकलेंत त्याचे गुरु दोन : टर्नरचीं चित्रें आणि रस्किनचे ग्रंथ. आमच्या पिढीनें रस्किन परीक्षेपुरता वाचला व परीक्षेनंतर मिटला. विल्सननें त्याची सृष्टिनिष्ठेची शिकवण अक्षरशः खरी मानली आणि ती जेथें पाळणें सर्वांत अवघड, अशा ठिकाणीं नेली.

हें अवघडपण कशांत होतें तें कळल्यावांचून या चित्रांची चर्चा व्यर्थ आहे. पाणी जेथें कुंचल्यावरच गोठतें, तेथें जलरंग उघड्यावर चालवितां येत नाहींत. म्हणून बाहेर केवळ पेन्सिल. जाड हातमोज्यांतून ती नीट धरतां येत नाहीं, आणि उघडा हात पाहतां पाहतां बधिर होतो. तेव्हां मोजा काढावयाचा, चार रेषा ओढावयाच्या, हात पुन्हां मोज्यांत घालून त्यास ऊब आणावयाची, आणि मग आणखी चार रेषा. रंग जागच्या जागीं देतां येत नसल्यामुळें त्यांचीं नांवें त्या त्या ठिकाणीं शब्दांनीं लिहून ठेवावयाचीं. पुढें केप इव्हान्स येथील लांकडी घरांत ॲसिटिलीनच्या दिव्याखालीं बसून त्या टिपणांवरून जलरंगांचें चित्र सिद्ध करावयाचें. डोळ्यांची गोष्ट तर याहून कठीण. काळा चष्मा लावला तर रंगांतले भेद कळेनात. काढला तर हिमावरील प्रखर उजेडानें डोळे भाजून निघत. १९०२-०३ सालीं स्कॉट व शॅकलटन यांच्याबरोबर दक्षिणेकडे जातांना पर्वतरांगांचीं रेखाटनें करण्याच्या नादानें विल्सनला हिमांधत्व आलें, आणि डोळ्यांस पट्टी बांधून घसरगाडी ओढण्याची पाळी त्याच्यावर आली.

आतां या पद्धतीचा चित्रावर काय परिणाम झाला तें पाहूं. पेन्सिलीच्या कामावर तो फारच चांगला झाला असें आमचें मत आहे. हात उघडा ठेवण्याची मुदत मोजकी असल्यामुळें व्यर्थ रेषेस तेथें जागाच नाहीं. पर्वताची धार, हिमनदीची भेग, वाऱ्यानें हिमावर पाडलेल्या वळ्या, यांपैकीं जें सांगावयाचें तें एकदांच सांगितलें आहे. मऊ खुर्चीवर बसून काढलेल्या कितीतरी निसर्गचित्रांत हा निश्चय आढळत नाहीं. थंडीचें श्रेय द्यावयाचेंच तर तें येथें द्यावें : तिनें चित्रकारास थोर केलें असें नव्हे, त्याला काटकसर शिकविली.

जलरंगांविषयीं आम्हांस इतकें निःशंकपणें बोलतां येत नाहीं. त्यांतून एक गोष्ट खात्रीनें शिकावयास मिळते. आम्हां दख्खनवासीयांस हिम पांढरें एवढेंच ठाऊक. विल्सनच्या चित्रांत तें निळें, जांभळें, गुलाबी, क्वचित् पिवळसरहि आहे. आकाश जो रंग देईल तो तें घेतें. परंतु कित्येक चित्रांत आकाशाचे पट्टे इतके आज्ञाधारकपणें एकावर एक बसतात कीं, टिपणांतील शब्दांचें पालन झालें, पण रंगांचें परस्परांशीं बोलणें राहून गेलें, असें वाटतें. दिव्याच्या उजेडांत दिवसाचे रंग आठवणें म्हणजे परभाषेंतील पत्राचें कोशावरून भाषांतर करण्यासारखें आहे. हा दोष छापणाऱ्याचाहि असूं शकेल हें कबूल केलें पाहिजे. आम्ही पाहिल्या त्या प्रतिकृती, आणि छापखान्यांत पेन्सिलीपेक्षां रंगाचेच हाल अधिक होतात.

याच्या उलट क्लोद मोने. तो १८९५ च्या फेब्रुवारींत नॉर्वेंत गेला, सांडविकाजवळ राहिला, आणि कोल्सोस नांवाचा एकच डोंगर त्यानें दहाबारा वेळां रंगविला. दाढीला बर्फ लोंबत असतां तो बाहेर उभा राहून काम करी. तैलरंग पाण्यासारखे गोठत नाहींत, म्हणून कॅनव्हास घेऊन तो सृष्टीसमोर उभा राहूं शकला. तिच्यांत व त्याच्यांत शब्दांचें टिपण आलें नाहीं. त्याच्या डोंगरांत हवा हालते. मात्र मोनेच्या चित्रावरून त्या डोंगराचा नकाशा कोणी काढूं म्हणेल तर फसेल. विल्सनच्या चित्रावरून तो काढतां येतो. विल्सनला तेंच हवें होतें. ज्याला जें नको होतें तें त्याच्यापाशीं मागणें ही टीकाकाराची जुनी खोड आहे, आणि आम्हींहि ती वरच्या परिच्छेदांत केली.

शिवाय एक चित्र आमच्या आक्षेपास उत्तर देण्यास उभें आहे. जून १९११, महिनोन्‌महिने न सरणारी ध्रुवप्रदेशाची रात्र, आणि चंद्राला पडलेलें खळें. साधें खळें नव्हे. हवेंतील हिमकणांमुळें कडीं पडलेलीं आणि दोन बाजूंस दोन प्रतिचंद्र उमटलेले. येथें भूमितीच विषय झाली आहे. जो नेमकेपणा अन्यत्र कोरडा वाटतो, तोच येथें गूढ वाटूं लागतो, आणि त्यासाठीं विल्सनला एकहि रेषा वाढवावी लागलेली नाहीं.

परंतु आमची निवड विचाराल तर ती ध्रुवावरील पेन्सिलचित्रांची. १६ जानेवारी १९१२ रोजीं या पांच जणांना आमुंडसेनच्या लोकांनीं लावलेलें काळें निशाण दिसलें. आपण हरलों हें तेथेंच कळलें. विल्सननें त्या निशाणाचें चित्र काढलें. दोन दिवसांनीं आमुंडसेननें मागें ठेवलेला लहानसा तंबू सांपडला, त्याचेंहि काढलें. तंबू, काठी, काठीवर निशाणें, भोंवतीं सपाट कागद. उसासा नाहीं, काळवंडलेलें आकाश नाहीं, प्रतिस्पर्ध्याचा तंबू वांकडा काढण्याचा मोहहि नाहीं. या चित्रांत मागाहून आलेलें मरण वाचण्याचा मोह प्रेक्षकास होतो. चित्रकारास तें ठाऊक नव्हतें. त्याला ठाऊक होता तो पराभव, आणि तो त्यानें योग्य प्रमाणांत काढला आहे. आमच्या स्नेह्यांच्या घरीं हेंच पान सर्वांत लवकर उलटलें गेलें.

नोव्हेंबर १९१२ मध्यें शोधास गेलेल्या मंडळीस प्रेतांबरोबर रोजनिश्या व हीं रेखाटनें सांपडलीं. त्यांचीं जलरंगचित्रें करावयास दिव्याखालीं कोणी बसलें नाहीं. तीं बाहेर जशीं काढलीं गेलीं तशींच राहिलीं आहेत.