वाळूवरील पाणबुडी आणि वितळलेली विक्रांत

समुद्र नसलेल्या मुलखातील वाचकांनी जहाजांच्या संग्रहालयाची समीक्षा करावी, ही काहींना अनधिकार चेष्टा वाटेल. 1956 मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि त्याच्या वाट्याला अरबी समुद्र आला. आमचा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला, आणि या राज्याला किनारा नाही. 2023 मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. किनारा अर्थातच आला नाही. तथापि जाम नदीचे पाणी कन्हानेत, कन्हानेचे वैनगंगेत आणि पुढे प्राणहिता-गोदावरीवाटे बंगालच्या उपसागरात जाते. आमचा समुद्र शोधायचाच झाला तर तो पूर्वेचा. मंडळाच्या काही सभासदांसह नागपूरला गाडी बदलून आम्ही विशाखापट्टणमला गेलो, ते तेथील वाळूवर ठेवलेली 'कुरसुरा' ही पाणबुडी पाहण्यासाठी; खरे सांगायचे तर, वाचण्यासाठी.

'वाचण्यासाठी' हा शब्द अलंकारिक नाही. संग्रहालय हीदेखील एक संहिता असते. तिला निवेदक असतो, क्रम असतो, गाळलेल्या जागा असतात. सामान्य संग्रहालयात वस्तू काचेआड आणि तिच्यावरील भाष्य काचेबाहेर असते, म्हणून भाष्य सहज वरचढ ठरते. जहाजाचे संग्रहालय याला अपवाद आहे. तेथे वाचक वस्तूच्या पोटात शिरतो आणि भाष्याला जागा कमी पडते.

'कुरसुरा' ही सोव्हिएत बांधणीची, डिझेल व विजेवर चालणारी, सुमारे 91 मीटर लांबीची पाणबुडी. 1969 च्या डिसेंबरात ती नौदलात दाखल झाली, 2001 मध्ये निवृत्त झाली आणि पुढच्याच वर्षी रामकृष्ण किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून खुली झाली. तिला समुद्रातून ओढून वाळूवर आणून बसविले आहे. बाहेरून पाहताना ती काहीशी केविलवाणी वाटते, हे आम्ही लपवीत नाही. पाण्याखाली राहण्यासाठी जिचा आकार घडविला गेला, ती उन्हात रंग लावून उभी, आणि भोवती कणसे भाजणारे. पण जिना चढून आत शिरले की हा भाव टिकत नाही. एका कप्प्यातून दुसऱ्यात जाण्यासाठी भिंतीत वाटोळी भोके आहेत. त्यांतून जाताना आधी एक पाय, मग वाकवलेली पाठ, मग डोके, मग दुसरा पाय असे जावे लागते. आमच्यातील एक निवृत्त शिक्षक पहिल्या भोकापाशी थबकले. चौथ्यापर्यंत त्यांना लय सापडली होती. या संग्रहालयातील सर्वांत चांगले पान कोणते, असे विचाराल तर आम्ही त्या भोकाकडे बोट दाखवू. सुमारे पंचाहत्तर माणसे आठवडेच्या आठवडे येथे राहत असत, हे वाक्य पाटीवर वाचून मनात उतरत नाही. पाठ वाकली की उतरते.

पुढे बावीस पाणतीरांची तजवीज, दहा नळ्या (सहा पुढे, चार मागे), निजण्यासाठी एकावर एक अरुंद फळ्या, मुदपाकखाना म्हणावे तर कोनाडा. एंजिनांच्या कप्प्यात आमच्या एका सौंसरच्या सभासदाच्या तोंडून निघून गेले, "हे तर जिनिंग झालं." सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांचा तेल-धुळीचा वास ज्याच्या बालपणात आहे, त्यालाच हे सुचावे. वाटाड्या निवृत्त नौसैनिक होता. गोड्या पाण्याची इतकी वानवा असे की अंघोळ ही चैन होती, असे तो अगदी सपाट आवाजात हिंदीतून सांगत होता. त्या सपाटपणातच त्याचे निवेदन मोठे होते. याउलट कप्प्याकप्प्यांत बसविलेले नौसैनिकांचे पुतळे ही या संहितेची ढोबळ चूक आहे. रिकामी फळी पाहून मन तेथे माणूस निजवते. पुतळा ठेवला की मनाचे ते काम संपते. वाईट ऐतिहासिक कादंबरीत लेखक पात्राच्या तोंडी भाषण घालतो, त्या जातीचा हा दोष.

दुसरा दोष गतीचा. एका टोकाने आत आणि दुसऱ्याने बाहेर अशी एकच वाट असल्यामुळे मागचा माणूस पुढच्याला ढकलतो, आणि ज्या जागी थांबावे तेथेच थांबता येत नाही. अर्थात जागाच तेवढी. येथे तक्रार कोणाकडे करावी?

बाहेर आल्यावर वाळूवर बसून आम्ही सभासदांना पाहिलेले लिहावयास सांगितले, आणि तेव्हा या भेटीतील खरी अडचण उघड झाली. शब्द नव्हते. मराठीत समुद्राचे शब्द कमी नाहीत: गलबत, गुराब, शिबाड, तारू, सुकाणू, डोलकाठी, तांडेल. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराची ही भाषा शीड, लाकूड आणि वारा यांची आहे. पोलादी जहाजाच्या पोटातील गोष्टींना मराठी लेखनाने फारशी नावे दिली नाहीत. 'पाणबुडी' या सुंदर शब्दाच्या आत शिरले की आपण इंग्रजीतच चाचपडतो. याचे एक कारण आम्हांला असे दिसते की आधुनिक मराठी साहित्याने समुद्र बहुधा किनाऱ्यावरून पाहिला. सावरकरांची 1909 ची प्रसिद्ध कविता ब्रायटनच्या किनाऱ्यावर उभे राहून लिहिलेली आहे. कोकणातील कादंबरीत समुद्र गाजतो खरा, पण बहुधा माडांच्या मागून. जहाजावरून बोलणारी जी कविता मराठी वाचकाला चटकन आठवते, ती म्हणजे 'कोलंबसाचे गर्वगीत', आणि 'विशाखा' या 1942 च्या संग्रहातील त्या कवितेचा कवी नाशिकचा, गोदावरीकाठचा. आमच्यासारख्या भूवेष्टितांना हा दिलासा वाटतो. मात्र तो खुद्द नौसैनिकाच्या गद्याची जागा घेऊ शकत नाही.

वाटाड्याने किनाऱ्यासमोरच्या पाण्याकडे हात करून एका वाक्यात 'गाझी'चा उल्लेख केला. या एका वाक्यापाशी आम्ही अधिक थांबू इच्छितो. 1971 च्या युद्धात पाकिस्तानची ही पाणबुडी आपल्या 'विक्रांत' या विमानवाहू नौकेच्या शोधात निघाली होती. विक्रांत विशाखापट्टणमजवळ आहे असा भास निर्माण करणारे संदेश मुद्दाम सोडण्यात आले. प्रत्यक्षात ती अंदमानकडे होती. 3 आणि 4 डिसेंबरच्या मधल्या रात्री गाझी विशाखापट्टणमच्या बंदराबाहेर स्फोट होऊन बुडाली. 'राजपूत' या नौकेने टाकलेल्या स्फोटकांमुळे, असे भारतीय बाजू सांगते. अंतर्गत स्फोटामुळे किंवा स्वतःच पेरलेल्या सुरुंगामुळे, असे पाकिस्तानची बाजू सांगते. नव्वदांहून अधिक माणसे तिच्यासह गेली आणि ती अजून तेथेच तळाशी आहे. वाळूवर एक पाणबुडी आहे जिच्या फळ्या रिकाम्या आहेत. समोर पाण्याखाली दुसरी आहे जिच्या रिकाम्या नाहीत. पहिली वाचताना दुसरी मनात नसेल, तर वाचन अर्धेच झाले.

आणि जिच्यासाठी हे सारे झाले ती विक्रांत? 1943 मध्ये इंग्लंडात तिची बांधणी सुरू झाली, महायुद्ध संपल्यावर काम अर्धवट राहिले, 1957 मध्ये भारताने ती घेतली आणि 4 मार्च 1961 रोजी बेलफास्टला ती आपल्या नौदलात दाखल झाली. 1971 मध्ये तिच्या बाष्पकात तडा होता आणि तिला युद्धात न्यावे की नाही याचा खल झाला होता; तशा अवस्थेतही तिच्यावरील विमानांनी कॉक्स बझार आणि चितगावावर हल्ले केले. आमच्या मते तिच्या साऱ्या चरित्रातील सर्वांत वाचनीय तपशील हा तडाच होय. 1997 मध्ये ती निवृत्त झाली. 2001 पासून मुंबईत ती संग्रहालय होती. 2012 मध्ये सुरक्षिततेच्या कारणास्तव ते बंद करण्यात आले, 2014 मध्ये लिलाव झाला, न्यायालयांतील अर्ज फेटाळले गेले आणि त्याच वर्षी ती तोडावयास घेतली.

या अकरा वर्षांत आम्ही मुंबईला किमान चार वेळा गेलो. संमेलनासाठी, पुस्तकांसाठी, एकदा तर एका लग्नासाठी. प्रत्येक वेळी विक्रांत पुढच्या खेपेवर टाकली. दोष सर्वस्वी आमचा आहे. मोठा ग्रंथ घरात असला की तो कधीही वाचता येईल, असे वाटत राहते, तसेच हे झाले.

त्या वेळी असा युक्तिवाद ऐकू आला की जहाज म्हणजे शेवटी लोखंड. छायाचित्रे, नोंदी, प्रतिकृती यांतून स्मृती राहतेच. समीक्षक या नात्याने हे आम्हांला मान्य नाही. कवितेचा सारांश म्हणजे कविता नव्हे, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. दोनशे तेरा मीटर लांबीच्या नौकेचा सारांशही असाच निरुपयोगी. परंतु दुसरी बाजूही खोटी नाही. खारे पाणी पोलाद खाते, डागडुजीचा खर्च कधी संपत नाही, आणि कुरसुरा वाचली ती मुख्यतः ओढून वाळूवर आणण्याइतकी लहान होती म्हणून. स्वीडनची 'वासा' ही नौका 1628 मध्ये पहिल्याच सफरीत, दीड किलोमीटरही न जाता बुडाली. 1961 मध्ये, म्हणजे विक्रांत दाखल झाली त्याच वर्षी, ती वर काढली गेली आणि आज तिच्यासाठी स्वतंत्र इमारत आहे. छत्तीस वर्षे सेवा केलेली नौका भट्टीत गेली आणि बंदरातच बुडालेली नौका छपराखाली आहे. मुंबईत पारशी वाडियांनी सागवानात बांधलेली 1817 ची 'ट्रिंकोमाली' आजही तरंगते आहे, पण इंग्लंडात, हार्टलपूल येथे. मुंबईच्या गोदीचे कसब पाहण्यासाठी हार्टलपूलला जावे लागावे, यावर वेगळ्या टीकेची गरज नाही.

विक्रांतचे काय उरले? मुंबईत 2016 च्या जानेवारीत तिच्या धातूपासून केलेले एक स्मारकशिल्प उभारले गेले. 2022 मध्ये तिच्या नावाची नवी नौका कोचीन येथे दाखल झाली. आणि 2016 मध्येच एका कंपनीने तिच्या धातूचा अंश असलेली मोटारसायकल बाजारात आणली. ती गाडी आमच्याकडेही आली. आमच्या एका सभासदाने ती घेतली आणि संत्र्याच्या बागेतून पांढुर्ण्याच्या बाजारापर्यंत काही वर्षे फिरवली. आम्ही विक्रांतकडे गेलो नाही, तेव्हा विक्रांतच विरघळून आमच्याकडे आली, असे तो हसत म्हणत असे. विनोद चांगला आहे. पण ग्रंथ वितळवून त्याच्या शिशाचे खिळे घराघरांत वाटले, तर घरात ग्रंथ आला असे होत नाही, हे त्यालाही आम्ही सांगितले. त्याने ते मान्य केले आणि गाडी पुसायला घेतली.

मराठी आरमाराचे तर एकही जहाज वाचलेले नाही. 1756 मध्ये विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले; लाकूडच ते. परंतु जवळच गिर्ये येथे खडक कापून केलेली त्या काळची गोदी शिल्लक आहे. जहाज नसलेली जहाजाची जागा. तेथे ना वाटाड्या आहे ना पुतळे. मंडळाची पुढील सहल तेथे योजली आहे. येणाऱ्या सभासदांनी कृपया एक कोरी वही बरोबर ठेवावी आणि तेथील जुन्या खलाशांकडून जितके शब्द मिळतील तितके, ते कोणत्या वस्तूचे आहेत हे नीट विचारून, उतरवून घ्यावेत.