पत्रे, दैनंदिनी आणि आपला सामाजिक इतिहास

नागपूरच्या राजकारणाचा इतिहास लिहिणारे अभ्यासक डॉ. बा. शि. मुंजे यांच्या दैनंदिनीचा व पत्रांचा आधार वारंवार घेतात. हिंदुमहासभेचे हे पुढारी व्यवसायाने नेत्रवैद्य होते. १९ मार्च १९३१ रोजी रोम येथे मुसोलिनीशी झालेली भेट त्यांनी दैनंदिनीत नोंदविली असून त्या नोंदीमुळे हे कागद अभ्यासकांच्या विशेष परिचयाचे झाले. दिल्लीच्या तीन मूर्ती भवनातील ग्रंथालयात ते जतन केलेले आहेत. ज्यांचे कागद असे सांभाळले गेले त्यांची साक्ष इतिहासात आधी नोंदली जाते, हे ओघानेच आले. परंतु ही साक्ष नेमकी कशाची आहे, हा प्रश्न पुरेसा विचारला गेलेला नाही असे आम्हांस वाटते.

१९३६ सालचे एक उदाहरण घेऊ. येवल्याच्या धर्मांतर घोषणेस तेव्हा वर्षही झाले नव्हते. जून महिन्यात राजगृहात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व डॉ. मुंजे यांची बोलणी झाली आणि ३० जून रोजी मुंजे यांनी मद्रासचे नेते एम. सी. राजा यांना एक गोपनीय पत्र लिहिले. बाबासाहेबांनी इस्लाम वा ख्रिस्ती धर्माऐवजी शीख धर्म स्वीकारल्यास व हिंदू संस्कृतीच्या कार्यास सहकार्य दिल्यास, नवशिखांना अनुसूचित जातींच्या यादीत ठेवून पुणे कराराच्या सवलती देण्यास हिंदुमहासभा राजी होईल, असा त्याचा आशय होता. राजा यांना ही योजना मान्य झाली नाही आणि पुढे हा पत्रव्यवहार वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाला.

या पत्राची चर्चा आजवर बहुधा एकाच अंगाने झाली: बाबासाहेब खरोखरच शीख होणार होते काय? चरित्रकाराच्या दृष्टीने हा प्रश्न योग्यच आहे. सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र दुसरेच काही पाहावयास हवे. या पत्रात यादी आहे, जागा आहेत, करार आहे. लक्षावधी माणसे एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात कशी न्यावीत याचा विचार आहे. त्या माणसांना स्वतःला काय हवे आहे, ही पृच्छा त्यात नाही. इंदोरा, पाचपावली येथील वस्त्यांचे मन या पत्रातून कळणार नाही. पत्रलेखकाच्या वर्गाचे मन मात्र लख्ख कळते. या मर्यादेत ते अस्सल साधन आहे. ग्रंथात आहे म्हणून वा मान्यवराने सांगितले म्हणून काही स्वीकारू नये, ही कालाम सुत्तातील कसोटी आपण धम्मचर्चेत नेहमी सांगतो; ती कागदपत्रांनाही लावावयास हरकत नसावी.

अर्थात आपल्या घरच्या कागदांनाही ती लावली पाहिजे. दादासाहेब गायकवाड यांना बाबासाहेबांनी लिहिलेली पत्रे आज ग्रंथरूपाने उपलब्ध आहेत. त्यांतील ३ मार्च १९३४ चे पत्र सर्वांस ठाऊक आहे. मंदिरप्रवेशाचा लढा मूर्तिपूजेसाठी नव्हे, तर समाजास आपल्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून होता, हे त्यात स्पष्ट केले आहे. व्याख्यानांतून हाच उतारा उद्धृत होतो आणि उरलेली पत्रे बाजूस पडतात. वस्तुतः ज्या पत्रांत पैशाची विवंचना, निवडणुकीची तयारी वा कार्यकर्त्यांचे प्रश्न येतात, त्यांतूनच चळवळ कोणाच्या खिशावर आणि कोणाच्या पायांवर उभी होती हे समजते. १९५६ च्या दीक्षासमारंभापूर्वी नागपूरच्या वामनराव गोडबोले यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहाराचेही तेच.

दोष काही अंशी आपलाच आहे. आपण पत्राला अस्थिधातूप्रमाणे वंदन करतो, पण पुराव्याप्रमाणे ते वाचत नाही. चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू पाहताना डोळे भरून येतात, आमचेही आले. तथापि त्यांच्या नित्याच्या पत्रव्यवहारातील तारीख, पत्ता आणि मजकूर तपासून पाहणारे आपल्यात किती?

महाराष्ट्र शासनाने २००६ साली प्रसिद्ध केलेला पत्रव्यवहाराचा एकविसावा खंड मोलाचा आहे, यात शंका नाही. परंतु अशा संग्रहांत भर असतो तो बाबासाहेबांनी लिहिलेल्या पत्रांवर. खेड्यातील एखाद्या शिक्षकाने वा गिरणी कामगाराने बाबासाहेबांना काय लिहिले, कोणत्या शब्दांत लिहिले, हे संवादाचे दुसरे अंग क्वचितच दिसते. एकाच बाजूचे बोलणे ऐकून संभाषण कसे कळावे?

हे दुसरे अंग घरोघरच्या पत्र्याच्या पेट्यांत होते आणि थोडेफार अजूनही असेल. त्यांतील साधे पोस्टकार्डही पुष्कळ सांगते. मायना पाहा. ‘जोहार’ केव्हा गेला, ‘रामराम’ किती काळ टिकला, कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांच्याशी ज्याचे श्रेय जोडले जाते तो ‘जयभीम’ पत्राच्या माथ्यावर केव्हा येऊन बसला, आणि १४ ऑक्टोबर १९५६ नंतर किती दिवसांनी ‘नमो बुद्धाय’ उमटले? मुलांची नावे केव्हा बदलली? दीक्षेस येण्यासाठी गाडीभाडे कोठून आणले? कोणत्याही पुढाऱ्याच्या दैनंदिनीत या प्रश्नांची उत्तरे शोधणे व्यर्थ आहे.

अशुभ वार्तेचे कार्ड वाचून लगेच फाडून टाकण्याच्या जुन्या रीतीने यांतील पुष्कळ ठेवा नष्ट झाला, हेही येथे नमूद केले पाहिजे.

स्त्रियांच्या बाबतीत तर पत्रांवर विसंबताच येत नाही. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली. तीस आलेल्या बहुसंख्य बायांना अक्षरओळख नव्हती; त्यांची पत्रे कोठून मिळणार? उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथासाठी कार्यकर्त्या स्त्रियांच्या प्रत्यक्ष मुलाखती घेतल्या, त्या यामुळेच. जेथे कागद नाही तेथे माणसाकडे गेले पाहिजे, आणि ते हयात असतानाच गेले पाहिजे.

संग्राहकांस एक सूचना करावीशी वाटते. आमच्या पाहण्यात आलेल्या काही जुन्या पत्रांची पाकिटे घरच्यांनी टाकून दिली होती आणि मजकुराचा कागद तेवढा चौकटीत बसवला होता. पत्रावर तारीख नव्हती. टपालखात्याचा शिक्का होता तो पाकिटावर.